नियर सॉरी : एका इंग्रजी वाडीचा प्रशासकीय इतिहास

प्रस्तावना :
इंग्लंडच्या वायव्येस, लेक डिस्ट्रिक्टमधील एस्थवेट वॉटर या सरोवराजवळ नियर सॉरी ही छोटी वाडी आहे. बालसाहित्यकार बिॲट्रिक्स पॉटर यांनी १९०५ मध्ये येथील हिल टॉप हे शेतघर विकत घेतले आणि वाडीचे नाव सर्वदूर पोहोचले. प्रशासनाच्या दृष्टीने मात्र ही वाडी क्लेफ या मोठ्या घटकात मोडते. या वाडीचा कारभार कोणाकडे होता, हे पाहिल्यास इंग्लंडमधील स्थानिक शासनाची जडणघडण उलगडते.

पॅरिश आणि टाउनशिप :
मध्ययुगात हा प्रदेश फर्नेस मठाच्या अधिपत्याखाली होता. १५३७ मध्ये मठ विसर्जित झाला. पॅरिश म्हणजे मूलतः एका चर्चच्या अखत्यारीतील क्षेत्र. १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या निर्वाहाचा भार पॅरिशवर आला. उत्तरेकडील पॅरिश विस्तीर्ण असल्याने १६६२ च्या कायद्याने लँकाशरसह तेथील काही काउंटींमध्ये टाउनशिप या पोटविभागांना हा भार स्वतंत्रपणे वाहण्याची मुभा दिली. हॉक्सहेड पॅरिशमधील क्लेफ ही अशी टाउनशिप होय. निराधार विधवेला वा थकलेल्या मजुराला मदत मिळणे, ती व्यक्ती कोणत्या घटकाची रहिवासी ठरते यावर अवलंबून असे. त्यामुळे सीमारेषा हा उपजीविकेचा प्रश्न होता.

आधुनिक पुनर्रचना :
१८३४ नंतर गरिबांची व्यवस्था अनेक पॅरिशांच्या संघांकडे गेली. १८६६ च्या कायद्याने स्वतंत्र कर आकारणाऱ्या टाउनशिपना नागरी पॅरिशचा दर्जा मिळाला. १८९४ च्या कायद्याने ग्रामीण भागात निर्वाचित पॅरिश परिषदा आल्या. १९५१ मध्ये लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. आज बांधकाम परवानगीचा अधिकार उद्यान प्राधिकरणाकडे आहे. १९७४ मध्ये हा भाग लँकाशरमधून कंब्रिया काउंटीत आणि साउथ लेकलँड जिल्ह्यात गेला. १ एप्रिल २०२३ रोजी कंब्रिया काउंटी परिषद व हा जिल्हा दोन्ही संपुष्टात येऊन येथे वेस्टमोरलँड अँड फर्नेस परिषदेचा कारभार सुरू झाला.

निष्कर्ष :
वाडी जागच्या जागी राहिली. निर्णयाचे केंद्र मात्र टाउनशिपकडून दूरच्या परिषदांकडे सरकत गेले. अशा वस्तीचा इतिहास केवळ तिच्या नावाखाली शोधून हाती लागत नाही. गरिबांच्या नोंदींसाठी क्लेफ, जुन्या चर्चनोंदींसाठी हॉक्सहेड आणि १९७४ पूर्वीच्या काउंटीच्या कागदपत्रांसाठी लँकाशर पाहावे लागते. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम प्रशासकीय घटकांचा क्रम निश्चित करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.