न चाखता शिजलेली चव

वऱ्हाडातल्या भंडाऱ्याचा पहिला नियम असा, की आचाऱ्यानं चाखायचं नाही. पाच हजार माणसांचं वरण गंजात उकळतंय, शेजारच्या कढईत वांग्याची भाजी तेल सोडू लागलीय, आणि ज्याच्या हातात सराटा आहे त्यानं त्यातला थेंबही जिभेला लावलेला नाही. आधी देवाचा नैवेद्य, मग पंगती. आचारी स्वतः बसतो तो अगदी शेवटच्या पंगतीला, तोवर त्याची भूक मेलेली असते. पंचतारांकित हॉटेलातला शेफ या अटीवर कामच करणार नाही. त्याच्या हाताशी चमच्यांचा डबा असतो आणि दर थोड्या वेळानं त्यातला एक तोंडात जातो.

चाखण्यावरच उभं राहिलेलं अन्नदानही असतं. अमेरिकेत १९८४ साली ‘शेअर अवर स्ट्रेंग्थ’ नावाची संस्था निघाली आणि १९८८पासून तिनं ‘टेस्ट ऑफ द नेशन’ हे चाखण्याचे सोहळे सुरू केले. गावातले नामवंत शेफ एक संध्याकाळ फुकट राबायचे, लोक तिकीट काढून यायचे, या टेबलावरचा एक घास, त्या टेबलावरचा एक घास असं फिरत खायचे आणि जमलेला पैसा भुकेल्यांच्या अन्नासाठी जायचा. कल्पना नामी आहे. पण अमरावती-अकोल्याच्या रस्त्यावर याच कल्पनेची उलटी बाजू पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. इथे खाणारा पैसे देत नाही आणि भुकेला कुठेतरी लांब नसतो. तो तुमच्याच मांडीला मांडी लावून बसलेला असतो. रस्त्यात मंडप दिसला म्हणून गाडी उभी करून उतरलात, तरी तुमचं गाव कोणतं हे विचारण्याआधी पुढ्यात पत्रावळ येते.

मग न चाखता मीठ बरोबर पडतं कसं? एका आचाऱ्याला मी हे विचारलं तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “वासावरून कयते ना भाऊ,” एवढंच म्हणाला. मला वाटलं, उडवून लावलं. मिठाला वास कुठे असतो? पण रसायनशास्त्र त्याच्या बाजूनं थोडं तरी उभं राहतं. पाण्यात मीठ विरघळलं की ते पाण्याचे रेणू स्वतःभोवती बांधून घेतं. फोडणीतले सुगंधी रेणू मुळातच पाण्यात नाखूश असतात, आता त्यांना जागा आणखी कमी पडते आणि ते वाफेवाटे बाहेर निघतात. म्हणजे खारट होताना वरणाचा वास किंचित का होईना, बदलतो. तुमच्या-माझ्या नाकाला हा फरक कळणार नाही. तीस वर्षं त्याच गंजावर उभं राहिलेल्या नाकाबद्दल मी पैज लावणार नाही. बाकीचं काम माप करतं. इतक्या किलो तुरीला इतक्या मुठी मीठ, हे प्रमाण त्याच्या तळहातात बसलेलं असतं.

खरी कसोटी मिठाची नाहीच, विस्तवाची आहे. घरच्या कुकरातलं वरण गॅस बंद केला की थांबतं. मोठा गंज थांबत नाही. भांडं लांबी-रुंदी-उंचीनं दहापट केलं तर त्यात मावणारा ऐवज हजारपट होतो, पण उष्णता जिथून बाहेर पडते तो पृष्ठभाग फक्त शंभरपट. आतल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट अपुरी पडते. म्हणून चुलीतली लाकडं ओढून घेतल्यावरही वरण बराच वेळ शिजतच राहतं, आणि आचाऱ्याला ते अर्धं कच्चं असतानाच जाळ ओढायचा निर्णय घ्यावा लागतो. उशीर झाला तर तळ लागतो आणि पाच हजार माणसांना करपट वरण खावं लागतं. नागपूरचे विष्णू मनोहर यांनी २०१८च्या ऑक्टोबरमध्ये चिटणीस पार्कवर एकाच कढईत तीन हजार किलो खिचडी केली आणि लोकांना वाटली, तेव्हा विक्रमाची चर्चा फार झाली. मला त्यात कौतुक वाटलं ते तळ न लागू देण्याचं. मोठ्या गंजाच्या या सावकाश निवण्याचा एक फायदाही आहे. शेवटच्या पंगतीपर्यंत वरण चांगलं गरम राहतं, आणि साठ अंशांच्या वर जंतूंची वाढ होत नाही. फ्रिज नसलेल्या मंडपात भर उन्हाळ्यात हजारो माणसं जेवून सुखरूप घरी जातात, त्यामागे हे एक कारण आहे.

या मुलखाला अन्नाचा हा नाद लागला त्याला दोन माणसं बरीचशी कारणीभूत आहेत. गजानन महाराज शेगावात पहिल्यांदा लोकांना दिसले ते २३ फेब्रुवारी १८७८ला, आणि दिसले ते जेवणावळीनंतर बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. त्यांच्या प्रगटदिनाला आजही पक्वान्नांचा थाट नसतो. झुणका, भाकर, अंबाडीची भाजी, सोबत मिरची-कांदा. दुसरे गाडगेबाबा. त्यांचा जन्म अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा, २३ फेब्रुवारी १८७६चा. तारीख तीच, हा निव्वळ योगायोग. गावात शिरायचं, खराट्यानं रस्ते झाडायचे आणि मिळालेली भाकर फुटक्या गाडग्यात घेऊन खायची. भुकेल्याला अन्न हे त्यांच्या दशसूत्रीतलं पहिलंच सूत्र. २० डिसेंबर १९५६ला त्यांनी देह ठेवला तोही रस्त्यावरच, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीपाशी.

आता रोडगे. वऱ्हाडात जाऊन रोडगे न खाता परत आलेल्या माणसाशी मी वाद घालत नाही, फक्त त्याची कीव करतो. गहू जरा रवाळ दळायचा, कणीक घट्ट मळायची. छोट्या-छोट्या पाऱ्या लाटून एकीवर एक रचायच्या, मध्ये तेलाचं बोट फिरवायचं, आणि हा सगळा थर एका मोठ्या पारीत घालून तोंड बंद करून गोळा वळायचा. तिकडे गोवऱ्यांचा जगरा पेटलेला असतो. ज्वाला पूर्ण बसू द्यायच्या, निखाऱ्यांवर राखेची साय आली की रोडगे आत सोडायचे आणि वरूनही निखारे-राख ओढायची. मग उलटवत राहायचं. बाहेरचं कवच काळपट-तपकिरी झालं, ठिकठिकाणी तडकलं, की बाहेर काढून गोणपाटावर घोळून राख झटकायची. मुठीत धरून दाबलं की फट्‌ असा आवाज होतो, वाफ निघते, आणि आतल्या पाऱ्या पुस्तकाच्या पानांसारख्या सुट्या होतात. त्यावर तूप, वरण आणि वांग्याची भाजी.

या एका गोळ्यात आणि त्याच्याभोवती तीन वेगवेगळी तापमानं नांदतात, हे कळल्यावर मी थक्क झालो. निखाऱ्याचं तापमान कित्येकशे अंश असतं, पण राख ही उष्णतेची वाईट वाहक, त्यामुळे ती उष्णता रोडग्यापर्यंत गाळून पोचवते. कवचातलं पाणी उडून गेलेलं असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या पुढे जाऊ शकतं. साधारण एकशे चाळीसच्या वर पिठातली प्रथिनं आणि साखरा एकमेकांत गुंतून तो खरपूस रंग आणि वास तयार होतो. आत मात्र ओलावा आहे तोवर पारा शंभरावर जातच नाही. तिथे स्टार्च शांतपणे फुगतो, शिजतो, आणि कोंडलेली वाफ तेलानं अलग ठेवलेल्या पाऱ्यांना उचलून धरते. म्हणजे बाहेर भट्टी आणि आत मोदकपात्र. ज्या बाईनं पहिला रोडगा वळला तिला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं, आणि तिचं काही अडलंही नाही. रोडग्याचं वय विचाराल तर एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीण भवानीला नवस बोलते तो रोडग्याचाच. चारशे वर्षांपूर्वीसुद्धा हा देवाला द्यायचा आणि मग सगळ्यांनी खायचा पदार्थ होता.

पानगे हे त्याचं शेतातलं भावंड. त्यात थर नसतात. कणीक पळसाच्या दोन पानांमध्ये थापायची आणि तशीच जगऱ्यात ठेवायची. पान स्वतः जळतं, पण जळेपर्यंत आपल्यातलं पाणी कणकेला देत राहतं. हिवाळ्यात खायचं असेल तर परतवाडा-बैतूल रस्त्यावर सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची जत्रा गाठा. डिसेंबरच्या २० तारखेच्या सुमारास भरते ती जानेवारी संपेपर्यंत चालते. लोक राहुट्या ठोकून मुक्काम करतात, मातीच्या हंडीत मटण शिजतं आणि बाजूला रोडगे. मातीची हंडी सावकाश तापते आणि सावकाशच निवते. इथे घाई करणाऱ्याला चामट मटण मिळतं.

अमरावतीत तळ असेल तर गिला वडा खाऊन घ्या, दह्यात ओला केलेला, वर आंबट-तिखट चटण्या, आणि मग अकोल्याकडे निघा. राष्ट्रीय महामार्ग ५३ हा रस्ता २०२२च्या जूनमध्ये जगभर गाजला. राजपथ इन्फ्राकॉन कंपनीनं अमरावती-अकोल्याच्या दरम्यान ७५ किलोमीटरचा सलग डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला आणि गिनीज बुकात नाव लावलं. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, २५ किलोमीटरच्या थोडा पुढे. रस्ता झकास झाला, पण खवय्याच्या दृष्टीनं त्यात एक गोची आहे. गाडी अशी पळते की थांबावंसंच वाटत नाही. माझा सल्ला, महामार्ग सोडून उत्तरेकडे वळा.

उत्तरेला पूर्णेचं खोरं लागतं आणि त्याबरोबर खारपाणपट्टा. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या तालुक्यांच्या बऱ्याच भागात जमिनीखालचं पाणी खारट आणि जड आहे. जड पाण्यात डाळ शिजत नाही, ही इथल्या बायकांची जुनी रड. डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिन नावाच्या द्रव्यानं. शिजताना ते विरघळायला हवं, पण पाण्यातलं कॅल्शियम त्याला आणखी घट्ट बांधून टाकतं. दाणा तासभर उकळून अख्खाच्या अख्खा. मग चिमूटभर सोडा घाला, नाहीतर गोड पाणी लांबून आणा. पुढे सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणातून ८४ खेडी योजनेसारख्या नळयोजना आल्या. गंमत अशी की तूर, मूग, हरभरा पिकवणाऱ्या या काळ्याभोर रानात डाळ रग्गड आणि ती शिजवणारं पाणी दुर्मीळ. इथल्या पंगतीत मऊसूत वरण वाढलं गेलं तर त्याला दाद द्या. त्यासाठी कुणीतरी टँकर बोलावलेला असू शकतो.

रस्त्याच्या खाण्यात एक पदार्थ मात्र विकाऊ असूनही मी पंगतीच्या तोडीचा मानतो, शेगावची कचोरी. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी १९५०च्या सुमारास ती शेगावच्या रेल्वे स्थानकावर विकायला सुरुवात केली. प्रवासात तिची तब्येत बिघडत नाही याचं रहस्य तिच्या कोरडेपणात आहे. मैद्याला मोहन चोळलं की तेलाचा पापुद्रा पिठाच्या कणांभोवती बसतो आणि पाणी घातल्यावर जी चिवट जाळी तयार व्हायची ती तुटक राहते. म्हणून कचोरी ओढली जात नाही, तुटते. तळायची मंद आचेवर, म्हणजे कवचातलं पाणी सावकाश निघून जातं. तेल कडकडीत असलं तर वरून लाल आणि आतून ओली, आणि तासाभरात ती रबरासारखी वातड. सारणही कोरडंच, डाळीचं, मसाल्याचं. सोबत तळलेली हिरवी मिरची. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाडीत ती दोन मिनिटांच्या थांब्यात खिडकीतून विकत घेता येते आणि दुसऱ्या दिवशी घरी पोचल्यावरही खाता येते.

हुरड्याचं सांगितलं नाही तर अकोलेकर रागावतील. ज्वारीचा दाणा दुधात भरतो तेव्हा त्यात साखर असते. काही दिवसांत तिचा स्टार्च होतो आणि गोडी जाते. ती नेमकी वेळ साधून कणसं आगटीत भाजायची आणि तळहातावर चोळायची. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं खास हुरड्यासाठी पीकेव्ही अश्विनी, पीडीकेव्ही कार्तिकी असे वाण काढले आहेत. शास्त्रज्ञांनी कोठार सोडून नाश्त्यासाठी पीक घडवावं, हे मला फार आवडतं. पूर्वी हुरडा खायला शेतकरी बोलवायचा, पैशाचा विषय नसायचा. आता हुरडा पार्टीच्या पाट्या लागतात आणि माणशी दर असतो. मला ते खटकतं, पण शेतकऱ्याच्या खिशात चार पैसे जात असतील तर खुशाल द्यावेत.

भंडाऱ्याला मात्र पैसे देऊ नका, कुणी घेणारही नाही. तिथे कमतरता असते ती वाढप्यांची. पोटभर जेवा, पत्रावळीत टाकू नका, आणि हात धुतल्यावर वरणाची बादली उचलून पुढची एक पंगत वाढून द्या.