अजिंठ्याचा पाथरवट

उर्दूत आपण ज्याला संगतराश म्हणतो, त्याला मराठीत पाथरवट म्हणतात. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी असे अनेक पाथरवट फर्दापूरजवळच्या डोंगरात काम करीत होते. त्यांचे जीवन कोणी लिहून ठेवले नाही. पण त्यांचे काम आजही आपल्यासमोर आहे.

फर्दापूर हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाव. तेथील फाट्यावरून अजिंठ्याची लेणी सुमारे ४ किलोमीटरवर आहेत. वाघूर नदी तेथे घोड्याच्या नालेसारखे वळण घेते. त्या वळणावरील उभ्या कड्यात ही ३० लेणी आहेत. काही लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत, तर बहुतेक इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आहेत.

घर बांधताना आपण पायापासून वर जातो. लेणे कोरताना याच्या उलट करतात. पाथरवट आधी छताकडचा दगड फोडत आणि हळूहळू खाली येत. खांब बाहेरून आणलेले नाहीत. जेथे खांब हवा, तेथला दगड तसाच ठेवून त्यांनी भोवतालचा दगड काढून टाकला. मुख्य हत्यारे म्हणजे छिन्नी आणि हातोडा. दगड मात्र काळा आणि कठीण. तो लाव्हारस थंड होऊन तयार झाला आहे. शिवाय जास्त कापलेला दगड परत येत नाही. म्हणून प्रत्येक घाव विचार करूनच घालावा लागे.

हे आपल्याला कसे कळले? अपुऱ्या लेण्यांवरून. क्रमांक २४ चे लेणे अर्धवट राहिले आहे. तेथे ओबडधोबड खांब आणि छिन्नीच्या खुणा दिसतात. वाकाटक राजा हरिषेण याच्या मृत्यूनंतर येथील काम थांबले, असे अनेक अभ्यासक मानतात.

जवळच क्रमांक २६ चे लेणे आहे. तेथे गौतम बुद्धांची सुमारे ७ मीटर लांबीची निजलेली मूर्ती आहे. बुद्धांचा तो अखेरचा क्षण आहे. खाली शिष्य शोक करीत आहेत; बुद्धांचा चेहरा मात्र शांत आहे. कठीण दगडातून एवढी शांती उमटवणे सोपे नाही.

या लेण्यात एक शिलालेख आहे. लेणे करविणाऱ्या बुद्धभद्र या भिक्षूचे नाव त्यात आहे. पाथरवटांची नावे नाहीत.

१८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी येथे आला. क्रमांक १० च्या लेण्यात त्याने आपले नाव कोरले. त्यानंतरही अनेकांनी भिंतींवर नावे लिहून चित्रे खराब केली. १९८३ साली ही लेणी जागतिक वारसा ठरली.

तुम्ही अजिंठ्याला जाल, तेव्हा २४ व २६ ही दोन्ही लेणी पाहा. एकात श्रम दिसतील, दुसऱ्यात त्या श्रमांचे फळ. पण भिंतीवर आपले नाव लिहू नका. ज्यांनी हा डोंगर कोरला, त्यांचे नावही तेथे लिहिलेले नाही.