थकव्याची कैफियत

१९५५ च्या जुलैपासून पुढील चार महिन्यांत लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील २९२ कर्मचाऱ्यांना ज्या अनाकलनीय व्याधीने गाठले, तिचा निकाल पंधरा वर्षांनी दोन मनोविकारतज्ज्ञांनी जुनी दप्तरे चाळून, एकाही रुग्णाची जबानी न घेता दिला: हा उन्माद होय, आणि रुग्णांत स्त्रियांचे आधिक्य असणे हाही त्याचा एक पुरावा. हा निकाल मला आजही अन्याय्य वाटतो. थकलेल्या माणसाची कैफियत इतक्या सहज खारीज होत असल्यामुळेच, त्याच्या बाजूने साक्षीस उभा राहील असा रक्तातील एखादा आकडा शोधण्याची निकड पुढील पिढीला भासली असावी.

विषण्णतेच्या विकाराला अशी साक्ष आधीच लाभली होती. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसोल पहाटे चढते व मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठते. परंतु तीव्र विषण्णतेच्या अनेक रुग्णांत ते रात्रीही पुरते उतरत नाही, असे एडवर्ड साकार यांनी अहोरात्र रक्त तपासून दाखविले. बर्नार्ड कॅरल यांची १९८१ ची कसोटी तर विशेष गाजली. रात्री अकरा वाजता डेक्सामेथॅसोन या औषधाची एक मिलिग्रॅमची मात्रा दिली असता निरोगी शरीर दुसऱ्या दिवशी आपले कॉर्टिसोल आवरते घेते. ज्याचे आवरत नाही, त्याच्या विषण्णतेचा दाखला प्रयोगशाळेनेच द्यावा, अशी ती योजना होती. पुढे मद्यपी, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण, वजन घटलेली माणसे यांच्यातही तेच आढळू लागले आणि दाखल्याचे वजन उतरले.

अशा अनाकलनीय, दीर्घ थकव्याच्या व्याधीला १९८८ साली अमेरिकेत ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव मुकरर झाले. ही विषण्णताच दुसऱ्या वेशात आली आहे, असा अनेकांचा ग्रह होता. म्हणून १९९१ मध्ये मार्क डेमिट्रॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीस रुग्ण तपासून जे मांडले ते महत्त्वाचे. या रुग्णांचे कॉर्टिसोल वाढलेले नव्हते, उलट सायंकाळच्या रक्तात व दिवसभराच्या मूत्रात ते कमीच होते. चार वर्षांनी लंडनच्या अँथनी क्लेअर यांनी दोन्ही व्याधी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा विषण्ण रुग्ण वरच्या टोकाला, थकलेले खालच्या, आणि निरोगी लोक मध्ये, असा क्रम लागला.

साक्षीदार मिळाला खरा, पण त्याचा आवाज क्षीण होता. घट अल्प होती, पुष्कळांचे आकडे निरोगी मर्यादेतच होते, आणि मोडलेली झोप व दीर्घ निष्क्रियता यांनीही तशी घट होऊ शकते. उणीव भरून काढावी म्हणून १९९८ च्या एका अमेरिकन चाचणीत सकाळी २० ते ३० व दुपारी ५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन सुमारे बारा आठवडे दिले गेले. सुधारणा किरकोळ झाली, आणि औषध घेणाऱ्या ३३ पैकी १२ जणांच्या ग्रंथींचे स्वतःचे कार्य मंदावले.

२०१५ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने निदानाचे नवे निकष ठरविले, त्यांत कॉर्टिसोल नाही. आहे ती सहा महिन्यांहून अधिक टिकलेली ग्लानी, श्रमानंतर बळावणारी पीडा, शीण न घालविणारी झोप, आणि त्यांच्या जोडीस स्मृती व विचार यांतील गोंधळ किंवा उभे राहताच वाढणारा त्रास. यांतले बहुतेक सारे रुग्णाला विचारूनच कळते.