हॅश केला म्हणजे पासवर्ड सुरक्षित झाला?

“पासवर्ड एमडी५ करून ठेवलेत, आता डेटाबेस चोरीला गेला तरी काय बिघडतंय?” बॅकएंडचं काम करणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य अजूनही येतं. जुन्या पीएचपी ट्युटोरियलमधून उचललेली ती एक ओळ कॉलेजच्या प्रोजेक्टमधून थेट ग्राहकाच्या संकेतस्थळावर जाऊन बसते. बिघडतं ते त्याच पासवर्डने आपला ईमेलही उघडणाऱ्या माणसाचं.

हॅशवरून, म्हणजे एमडी५सारख्या सूत्राने पासवर्डपासून काढलेल्या खुणेवरून, मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही, हे खरं. पण चोर त्या वाटेने जातच नाही. तो नेहमीचे पासवर्ड, नावं, जन्मतारखा यांची यादी घेतो, प्रत्येकाचा हॅश काढतो आणि चोरलेल्या हॅशशी ताडून पाहतो. एमडी५ आणि शा-१ हे हॅश झटपट चालावेत म्हणूनच घडवलेले आहेत. एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी एमडी५ काढतं.

२०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले. ते शा-१चे होते आणि त्यांत सॉल्ट नव्हता, म्हणजे प्रत्येक पासवर्डला जोडायची वेगळी यादृच्छिक अक्षरं नव्हती. सॉल्ट नसला की एकच पासवर्ड असलेल्या सगळ्यांचा हॅश एकसारखा निघतो. एक फुटला की सगळे फुटतात.

मग हॅशऐवजी किल्लीने उलगडता येईल असं एन्क्रिप्ट करावं? अडोबीने तेच केलं होतं. २०१३ च्या चोरीत किल्ली बाहेर आली नाही, तरी एकसारख्या पासवर्डचा एन्क्रिप्ट केलेला मजकूरही एकसारखाच होता, आणि शेजारीच, पासवर्ड आठवावा म्हणून वापरकर्त्यांनी लिहिलेल्या सूचना उघड्या होत्या. त्यावरून असंख्य पासवर्ड ओळखता आले.

इथे हवा तो मुद्दाम संथ हॅश. नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी १९९९ मध्येच बीक्रिप्ट मांडला. त्याचा कॉस्ट, म्हणजे मेहनतीचा आकडा, एकाने वाढवला की मेहनत दुप्पट होते. २०१३ च्या पीएचपी ५.५ पासून ‘पासवर्ड_हॅश’ हे फंक्शन सॉल्टसकट सगळं स्वतः करतं. नवं काम सुरू करताना वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेची पहिली पसंती आर्गॉन२आयडी या संथ हॅशला आहे. इतकं हाताशी असताना एमडी५ लिहायला कोणतीही सबब उरत नाही.

अर्थात, एका कोपऱ्यातला निष्काळजीपणा सगळ्यावर पाणी फिरवतो. २०१५ मध्ये चोरीला गेलेले अॅशली मॅडिसन या डेटिंग संकेतस्थळाचे पासवर्ड बीक्रिप्टमध्ये होते. पण दुसऱ्या एका रकान्यात वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड मिळून काढलेला एमडी५ पडून होता. त्यातून एक कोटीहून जास्त पासवर्ड काही दिवसांत फोडले गेले.

तरीही काही वाक्यं हमखास ऐकू येतात. “एचटीटीपीएस आहे ना!” ते फक्त वाटेतल्या माहितीचं रक्षण करतं; डेटाबेसमधल्या माहितीशी त्याचा संबंध नाही.

“संथ हॅशने लॉगिन रेंगाळेल.” पाव सेकंद कुणाच्या लक्षातही येत नाही, अब्जावधी अंदाज करणाऱ्याला मात्र तो परवडत नाही.

“दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावा.” अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत अशी सक्ती करू नये असंच सांगितलं. लोक शेवटचा आकडा तेवढा बदलतात.

जुन्या संकेतस्थळावर एमडी५ असेल, तर साठवलेल्या प्रत्येक हॅशवर आजच बीक्रिप्ट चढवता येतो. पुढच्या लॉगिनला मूळ पासवर्ड हाती आला की त्याचाच थेट बीक्रिप्ट करून ठेवायचा. एमडी५चा जुना रकाना मात्र बॅकअपमधूनही काढून टाकावा लागतो.