संकेतस्थळकाराचें स्वतःचें संकेतस्थळ

दिव्याखालीं अंधार असतो, ही म्हण ज्या धंद्यांना विशेष लागू पडते त्यांत संकेतस्थळें घडविण्याच्या नव्या धंद्याची गणना करावयास हरकत नाहीं. लोकांच्या दुकानांचीं, शाळांचीं आणि पतपेढ्यांचीं संकेतस्थळें रात्रीचा दिवस करून उभीं करणारा कारागीर स्वतःच्या संकेतस्थळाकडे मात्र पांच पांच वर्षें ढुंकूनही पाहत नाहीं. त्याचें कारण आळस नव्हे. गिऱ्हाइकाच्या कामाला मुदत असते, मोबदला असतो आणि तगादा असतो. घरच्या कामाला यांपैकीं कांहींच नसतें. शिवाय गिऱ्हाइकाला काय हवें तें त्याच्या तोंडून वदवून घेतां येतें; स्वतःला काय हवें तें विचारणार कोण आणि सांगणार कोण?

नंदुरबार जिल्ह्यांतील अक्कलकुवा येथें असा एक तरुण कारागीर राहतो, असें उदाहरणापुरतें धरून चालूं. बऱ्हाणपूरहून अंकलेश्वराकडे जाणाऱ्या महामार्गावरील हें तालुक्याचें गांव. एका हाताला सातपुड्याचे डोंगर, दुसऱ्या हाताला गुजरातची हद्द. बाजारांत मराठी, अहिराणी, भिली आणि गुजराती या चारी भाषा कानांवर पडतात. त्याचीं गिऱ्हाइकें म्हणजे आमचुराचा व्यापारी, नंदुरबारचा मिरचीचा अडत्या, एखादी आश्रमशाळा, एखादें उपाहारगृह. यांतील बरींच गिऱ्हाइकें त्याला भेटण्यापूर्वीं त्याचें संकेतस्थळ मोबाइलवर उघडून पाहणार. तेथें तळाशीं २०१६ हें साल, मध्यें बंद पडलेला दूरध्वनीचा क्रमांक आणि वर दहा वर्षांपूर्वींची सजावट आढळली, तर तें गिऱ्हाईक एक शब्दही न बोलतां सुरतेच्या कारागिराकडे वळेल. दुकानाच्या पायरीवरून परतणारा माणूस निदान दिसतो तरी. येथें कोण आलें आणि कोण गेलें याचा पत्ताच लागत नाहीं.

म्हणून एके दिवशीं तो पुनर्रचनेस हात घालतो, आणि बहुधा पहिली चूक तेथेंच करतो: तो रंग निवडूं लागतो. वास्तविक संकेतस्थळाचीं दोन अंगें असतात, एक मजकूर आणि दुसरें त्याचा वेष. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत जगांतील पहिलें संकेतस्थळ उभें केलें आणि १९९१ सालीं तें बाहेरच्या लोकांस खुलें झालें, तेव्हां पानाला वेष असा जवळजवळ नव्हताच. शीर्षक, परिच्छेद आणि दुवे एवढाच संसार होता. वेषाचे नियम मजकुरापासून वेगळे लिहून ठेवावे ही सूचना होकून ली या नॉर्वेच्या गृहस्थांनीं १९९४ सालीं मांडली, आणि १९९६ च्या डिसेंबरांत तिला सर्वमान्य नियमावलीचें रूप आलें. सीएसएस या नांवानें ती आज कारागिरांच्या रोजच्या वापरांत आहे. तिचा लाभ हा कीं, एका अक्षराला धक्का न लावतां सबंध संकेतस्थळाचा पोशाख बदलतां येतो. ज्यांनीं ही शिस्त न पाळतां मजकूर, चित्रें आणि हालचाल यांचा एकच गोळा करून 'फ्लॅश'मध्यें संकेतस्थळें ओतलीं, त्यांना पुढें सर्वच पुन्हा लिहावें लागलें. कारण ३१ डिसेंबर २०२० रोजीं अॅडोबी कंपनीनें फ्लॅशचा आधार काढून घेतला. एके काळीं याच नाचत्या पानांचा केवढा तोरा होता!

रंगांच्या आधीं, तेव्हां, कागद घ्यावा. जुन्या संकेतस्थळावरील प्रत्येक पानाची यादी करावी आणि प्रत्येकासमोर लिहावें: हें पान कोणासाठीं? अक्कलकुव्याच्या आपल्या कारागिराची अडचण येथें उघड होते. त्याच्या एकाच संकेतस्थळांत दोन माणसें राहतात. एक धंदेवाईक, जो दर सांगतो आणि काम घेतो. दुसरा हौशी, ज्यानें काठीच्या राजवाडी होळीचीं छायाचित्रें काढलीं आहेत, भिली म्हणी जमविल्या आहेत, आणि एखादी तांत्रिक युक्ति सांपडली कीं ती विद्यार्थ्यांसाठीं लिहून ठेवली आहे. मिरचीचा अडत्या भाव विचारावयास येतो आणि त्याला होळीचीं चित्रें दिसतात. महाविद्यालयीन विद्यार्थी युक्ति शोधावयास येतो आणि त्याच्या पुढ्यांत दरपत्रक पडतें. दोघेही विटून जातात.

यावर पुष्कळजण दोन निरनिराळीं संकेतस्थळें करण्याचा सल्ला देतात. एकट्या माणसास तो झेपत नाहीं. दोन घरें झाडण्यापेक्षां एकाच घराला ओटी आणि माजघर असावें, हें आपल्याकडील जुनें शहाणपण येथें अधिक उपयोगी. ओटीवर परक्यानें बसावें, कामाचें बोलावें आणि पाणी पिऊन जावें. ज्याला लोभ वाटेल त्याला माजघराचें दार उघडें असावें. म्हणजे पहिल्या पानावर एवढेंच: हा काय करतो, कोठें राहतो, कोणत्या भाषांत काम करतो आणि त्याला गांठावें कसें. छायाचित्रें, म्हणी, टिपणें हीं आंत एका स्पष्ट दुव्यामागें. तीं टाकून मात्र देऊं नयेत. दर सांगणारे पुष्कळ असतात. हा माणूस कामांत रस घेणारा आहे हें त्या टिपणांवरूनच कळतें.

ओटीवर मांडावयाच्या कामांविषयीं थोडें अधिक सांगणें जरूर आहे. केलेल्या चाळीस संकेतस्थळांचीं चाळीस लहान चित्रें ओळीनें लावण्याची रीत पडली आहे. त्यांतून पाहणाऱ्यास कांहींच बोध होत नाहीं, कारण चित्रांत श्रम दिसत नाहींत. तीन कामें निवडावीं आणि त्यांची हकीगत लिहावी. आमचुराच्या व्यापाऱ्याची अडचण काय होती? कैऱ्या सोलून, चिरून, उन्हांत वाळविण्याचा हंगाम उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांचा. त्या काळांत मागणी नोंदवून घ्यावयाची, आणि नोंदणारा माणूस इंग्रजी न जाणणारा. मग नोंदीचा तक्ता मराठींत कसा केला, त्यांत कोणत्या चुका झाल्या, त्या कशा दुरुस्त केल्या, हें दहा वाक्यांत सांगितलें तर नवा व्यापारी त्यांत स्वतःला ओळखतो. अर्थात गिऱ्हाइकाची गोष्ट त्याच्या परवानगीवांचून सांगूं नये. 'जागतिक दर्जाची सेवा' यासारखे शब्द तर सरसकट पुसावे; ते खरे असते तरी कोणाचा विश्वास बसला नसता.

आतां पानाच्या वजनाकडे वळूं. अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाणारा रस्ता देवगोई घाटानें वर चढतो. अशा डोंगराळ मुलुखांत मोबाइलचा संदेश कधीं भरपूर, कधीं क्षीण. आजच्या मोबाइलनें काढलेलें एक छायाचित्र सहज तीन मेगाबाइटांचें भरतें. एका बाइटाचे आठ बिट, म्हणजे २४ मेगाबिट. जेथें सेकंदाला शंभर किलोबिट एवढीच गति मिळते तेथें हें एक चित्र उतरावयास २४० सेकंद, अर्थात चार मिनिटें लागतील. तेंच चित्र पडद्याच्या मापाचें करून शंभर किलोबाइटांवर आणलें तर आठ सेकंद पुरतात, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांना फरकही जाणवत नाहीं. मजकूर मात्र आश्चर्यकारक हलका. युनिकोडच्या प्रचलित पद्धतींत देवनागरीचें एक चिन्ह तीन बाइट घेतें. म्हणजे त्या एका मूळ छायाचित्राच्या ओझ्यांत दहा लाख चिन्हांची जाडजूड कादंबरी मावेल. कारागिरानें आपल्या टेबलावरील मोठ्या पडद्यावर, शहरी गतीनें, आपलें पान पाहून समाधान मानूं नये. त्याचें गिऱ्हाईक तें घाटांत पाहत असतें.

पडद्याच्या मापाचा प्रश्नही यास लागूनच आहे. २०१० सालीं ईथन मार्कट या अमेरिकन रचनाकारानें असें सुचविलें कीं, मोबाइलसाठीं एक आणि संगणकासाठीं दुसरें, अशीं दोन पानें न करतां एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणें आकसावें आणि पसरावें. आज ही रीत सर्वत्र रूढ आहे. लहान पडद्यापासून आरंभ करून मोठ्याकडे जावें, म्हणजे अनावश्यक गोष्टी आपोआप गळतात.

लिपीच्या बाबतींत मराठी कारागिरावर जबाबदारी अधिक. देवनागरीला १९९१ सालच्या पहिल्या युनिकोडमध्येंच स्थान मिळालें. तरी पुढें बरींच वर्षें निरनिराळ्या फॉन्टांचा गोंधळ चालला. ज्याच्या संगणकांत तो विशिष्ट फॉन्ट नसे त्याला मराठीऐवजीं इंग्रजी अक्षरांचा काला दिसे. मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनीं रेखाटलेला 'मंगल' हा फॉन्ट 'विंडोज २०००' बरोबर घरोघरच्या संगणकांत आला, तेव्हां वाट मोकळी होऊं लागली. आज एक टाइप या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे मोफत फॉन्ट उपलब्ध आहेत. परंतु जोडाक्षरांच्या पसाऱ्यामुळें देवनागरी फॉन्ट इंग्रजीपेक्षां जड असतो, हें वजनाच्या हिशेबांत धरावें. पुष्कळदां मोबाइलमध्यें असलेलाच फॉन्ट बरा. आणि ओळींमधील अंतर इंग्रजीच्या मापानें ठेवूं नये. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांस भिडल्या कीं वाचणारा थकतो. शोभेसाठीं मराठी शीर्षकें चित्ररूपानें डकविण्याची जुनी खोड तर सोडावीच. चित्रांतील अक्षरें शोधयंत्राच्या हातीं सहसा लागत नाहींत, आणि अंधांसाठीं पान वाचून दाखविणारी आज्ञावली तेथें मुकी होते.

सर्वांत मोठा धोका मात्र शेवटच्या रात्रीं असतो. नवें संकेतस्थळ सजून तयार, जुनें पुसून टाकावयाचें, आणि उत्साहाच्या भरांत पानांचे पत्तेही बदलले जातात. त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या संकेतस्थळांच्या तळाशीं त्याच्या नांवाचा दुवा आहे. एखाद्या शिक्षकानें त्याच्या टिपणाचा पत्ता वर्गाला उतरवून दिला आहे. भेटपत्रिका छापून वांटल्या गेल्या आहेत. पत्ते बदलले कीं हे सर्व रस्ते एका रात्रींत खुंटतात, आणि 'पान सांपडत नाहीं' ही रूक्ष पाटी येणाऱ्याच्या कपाळीं येते. वर्षानुवर्षें मिळविलेली पत तीच. गेली ती स्वतःच्या हातानें. १९९८ सालीं बर्नर्स-ली यांनीं याच विषयावर एक टिपण लिहून चांगले पत्ते बदलत नसतात असें कारागिरांना बजावलें होतें. पण मौज अशी कीं, जगांतील पहिल्या पानाच्या मूळ पत्त्यावरही तें पान टिकलेलें नव्हतें. २०१३ सालीं सर्ननें मुद्दाम खटपट करून १९९२ ची प्रत तेथें पुन्हा आणून बसविली. खुद्द जनकाच्या घरीं ही अवस्था, तर इतरांनीं किती जपावें!

उपाय अवघड नाहीं. जुन्या पानांची जी यादी आरंभीं केली तीच येथें कामास येते. प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर त्याचा नवा पत्ता लिहावा आणि सर्व्हरला तशी आज्ञा द्यावी. मग तो '३०१' या अंकानें 'मुक्काम कायमचा हलला आहे' असें कळवितो आणि येणारा न विचारतां नव्या जागीं पोंचतो. डोमेनची नोंदणी स्वतःच्याच नांवावर आहे ना, तिची मुदत कधीं संपते, हेंही त्याच बैठकींत पाहून घ्यावें. २०१४ च्या ऑगस्टपासून '.भारत' हा देवनागरी पत्ताही घेतां येतो. पाटीवर तो शोभतो, पण जुना इंग्रजी पत्ता सोडून देऊं नये.

मग एका सकाळीं हें नवें संकेतस्थळ बाजारांतल्या दोन परक्या माणसांच्या, त्यांच्याच साध्या मोबाइलवर उघडावें, आणि कारागिरानें तोंड मिटून बाजूस बसावें. आमचुराच्या व्यापाऱ्यास म्हणावें, "शेठ, यांतून मला फोन लावून दाखवा." तो कोठें अडखळतो, कोणत्या शब्दावर बोट थांबतें, किती वेळ जातो, हें टिपून घ्यावें. फोन आपल्याच खिशांत वाजेपर्यंत मधें बोलूं नये.