कॅम्परव्हॅन बुक करताय? आधी मुलांच्या सीटचं विचारा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कॅम्परव्हॅनने फिरणारी मराठी कुटुंबं आता बरीच दिसतात. त्यांच्यासाठी ही पोस्ट.

‘सहा जण झोपू शकतात’ म्हणजे सहा जण सुरक्षित बसू शकतात असं नाही! बेड मोजू नका, पट्टे असलेल्या सीट मोजा. चाइल्ड सीट फक्त पुढे तोंड असलेल्या सीटवरच बसवायची. जेवणाच्या टेबलाजवळची आडवी किंवा मागे तोंड असलेली बैठक त्यासाठी चालत नाही, मग तिला पट्टा असला तरी. बूस्टरला खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा पट्टा हवाच. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर तो वापरू नये. आणि तिथे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सीटना मागे टेदर पट्टा असतो. तो अडकवायला गाडीत हूक आहे का, हे फोनवरच विचारून घ्या. मागे तोंड करून बसणाऱ्या बाळाची सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागी कधीच नको.

तिथला कायदा स्पष्ट आहे: सातव्या वाढदिवसापर्यंत मान्यताप्राप्त चाइल्ड सीट किंवा बूस्टर सक्तीचा.

ताशी 50 किलोमीटरवर धडक बसणं म्हणजे साधारण 10 मीटरवरून, जवळजवळ तिसऱ्या मजल्यावरून पडणं. म्हणून गाडी चालू असताना ‘जरा बेडवर पडू दे’ नाही. झोप आली तर सीटवरच झोपू द्या, नाहीतर गाडी थांबवा. किटली, लॅपटॉप, पाण्याच्या बाटल्याही कपाटात बंद करा, धडकेत त्याही उडतात.