जुन्या गिफ्ट कार्डातील बाकी : विसरलेली रक्कम कशी वसूल करावी?

ईद, दिवाळी आणि लग्नसराई आटोपली की अनेक घरांच्या कपाटांत एक वस्तू हमखास सापडते. मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचे नाव छापलेले, चकचकीत प्लॅस्टिकचे गिफ्ट कार्ड. कोणी ते आहेरात दिलेले असते, तर कोणा कारखानदाराने वर्षभराच्या कामावर खूश होऊन कारागिराला दिलेले असते. एकदा खरेदी होते, दोनशे-चारशे रुपये उरतात आणि कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत जाऊन पडते. वर्ष उलटते, दोन वर्षे उलटतात. मग घरातले कोणीतरी म्हणते, "आता काय राहिले असणार त्यात!"

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये कापडाच्या धंद्यात आमची उमर गेली. शिंपी, काज-बटणवाले, भरतकाम करणारे, इस्त्रीवाले यांच्याशी आमचा रोजचा संबंध. या मंडळींचा उधारीचा हिशेब तोंडपाठ असतो. कोणाकडे किती नगांची मजुरी राहिली, हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगतील. परंतु कार्डातली बाकी मात्र कोणी विचारीत नाही. आमच्या उर्दू शाळेतल्या हिशेबाच्या तासाला अशा रकमेला 'बकाया' म्हणत आणि बकाया वसूल करायची असते. कार्डातली बाकी हे दुकानाकडे असलेले आपले येणे आहे. पैसे कोणीतरी आधीच रोख मोजले आहेत. माल मात्र अजून उचललेला नाही.

पैसे कार्डात नसतात

पहिली गोष्ट समजून घ्यावी ती ही, की कार्डात पैसे नसतात. मागच्या काळ्या पट्टीत किंवा छापलेल्या रेघांत फक्त कार्डाचा नंबर असतो. रक्कम कंपनीच्या संगणकातील खात्यात लिहिलेली असते. आपण खरेदी केली की तिथे नावे पडते आणि बाकी कमी होते. म्हणून कार्ड चिरले, रंग उडाला किंवा पट्टी घासली गेली तरी बाकी जात नाही. नंबर वाचता आला तर हिशेब निघतो.

आपल्याकडे या कार्डांचा इतिहास फार जुना नाही. शॉपर्स स्टॉपचे पहिले दुकान मुंबईत अंधेरीला १९९१ मध्ये उघडले. तेव्हा भेट द्यायची तर कागदी कूपन दिले जाई. पुढे कागदाची जागा प्लॅस्टिकने घेतली आणि आता कार्ड नुसत्या मोबाइलच्या संदेशातूनही येते. या कार्डांचा हिशेब पुष्कळदा दुकान स्वतः ठेवीत नाही, ते काम दुसरी कंपनी करते. बेंगळुरूची क्विकसिल्व्हर ही त्यांतली मोठी कंपनी. २०१९ मध्ये ती पाइन लॅब्सने घेतली. त्यामुळे काउंटरवरच्या मुलाने "मला माहीत नाही" म्हटले, तर तो खोटेच बोलतो असे समजू नये. खतावणी त्याच्याकडे नसते.

बाकी कशी पाहावी?

रीत सोपी आहे. कार्डाच्या मागे चांदीच्या रंगाची खरवडायची पट्टी असते. तिच्याखाली गुप्त क्रमांक असतो, त्याला पिन म्हणतात. नंबर आणि पिन असे दोन्ही हाताशी ठेवून पुढीलपैकी कोणताही मार्ग धरावा.

एक, कार्डाच्या मागे छापलेल्या फोन नंबरवर विचारावे.

दोन, मागे छापलेल्या कंपनीच्या वेबसाइटवर नंबर व पिन भरून पाहावे. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला बसवावे. सायबर कॅफेत अनोळखी माणसाच्या हाती कार्ड देऊ नये.

तीन, दुकानात जाऊन खरेदी करण्याआधी काउंटरवर कार्ड चालवून बाकी विचारावी.

चार, मागच्या खरेदीचे बिल जपले असेल तर ते पाहावे. बहुधा बिलाच्या तळाशी उरलेली रक्कम छापलेली असते. मात्र ही बिले ज्या कागदावर निघतात, त्यावरची अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात. म्हणून त्याच दिवशी बाकी आणि मुदतीची तारीख वहीत टिपून ठेवावी.

बाकी थोडी असेल तर लाजू नये. चाळीस रुपये उरले असतील तर रुमाल घ्यावा, चाळीस कार्डातून आणि वरचे रोख द्यावेत. बहुतेक प्लॅस्टिक कार्डांवर असे चालते. कागदी कूपनाची गोष्ट वेगळी. ते पुष्कळदा एकदाच चालते आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत. तेव्हा पाचशेच्या कूपनावर साडेतीनशेचा माल घेण्याची घाई करू नये.

मुदत संपली तर?

येथेच लोक हात टेकतात, आणि येथेच थोडे थांबून पाहायला हवे. कार्ड दोन जातींचे असते. एक बँकेने किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या कंपनीने दिलेले. ते अनेक दुकानांत चालते. दुसरे दुकानाने स्वतःचे दिलेले. ते फक्त त्याच दुकानात चालते. दिसायला दोन्ही सारखी. फरक मागच्या बारीक अक्षरांत असतो. "हे कार्ड अमुक बँकेने दिले आहे" असे लिहिले असेल तर ते पहिल्या जातीचे.

पहिल्या जातीला रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत. २७ ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांनुसार असे गिफ्ट कार्ड जास्तीत जास्त १०,००० रुपयांचे असू शकते आणि त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत. दिल्यापासून निदान एक वर्ष ते चालले पाहिजे. मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत धारकाला इशारा द्यायचा असतो. धारकाने मागणी केल्यास कार्डाची मुदत पुन्हा वाढवून देण्याची सोय नियमात आहे, हवे तर नवे कार्ड देऊनही. आणि मुदत संपल्यावर निदान तीन वर्षे कंपनीला ती रक्कम आपल्या नफ्यात टाकता येत नाही. मुदतीनंतर धारक मागायला आला तर पैसे त्याच्या बँक खात्यात द्यायचे आहेत.

आमच्या ओळखीच्या एका काज-बटणवाल्याजवळ असेच कार्ड होते. मुंबईच्या एका मोठ्या दुकानात काउंटरवर त्याला सांगण्यात आले, "चाचा, हे मेले आहे." तो परत आला. कार्ड उलटून पाहिले तर ते बँकेचे निघाले. छापलेल्या नंबरवर फोन केला, मग अर्ज दिला, सोबत ओळखपत्राची प्रत जोडली. काही दिवसांनी नवे कार्ड आले. आत ३४० रुपये होते. एवढ्यासाठी त्याला किती काज करावी लागतात हे त्यालाच ठाऊक. परंतु ते पैसे त्याचे होते, एवढे पुरेसे आहे.

दुसऱ्या जातीच्या, म्हणजे दुकानाच्या स्वतःच्या कार्डाला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. म्हणून वरचे नियमही त्याला लागू नाहीत. तिथे दुकानाच्या अटी चालतात. तरीही गिऱ्हाईक अगदी निराधार नाही. व्यवस्थापकाला लेखी अर्ज देऊन मुदतवाढ मागावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. अनेक दुकाने गिऱ्हाईक टिकावे म्हणून ऐकतात. ऐकले नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानंतर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो जुलै २०२० पासून लागू झाला, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दुकान मुंबईत असो की दिल्लीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत व्हायला हवी. तेव्हा कार्डाचा फोटो, बिल आणि अर्जाची पोच हे कागद सांभाळावेत.

दुकानच उठले तर?

मोठे नाव म्हणजे कायमचे नाव, असे बाजारात कधीच नसते. २००१ मध्ये सुरू झालेले बिग बझार देशभर पसरले. त्यामागच्या फ्युचर रिटेल कंपनीवर जुलै २०२२ मध्ये मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली आणि २०२४ मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा आदेश झाला. कॅनडातील हडसन्स बे ही तर १६७० सालची कंपनी. मार्च २०२५ मध्ये तिने न्यायालयाचे संरक्षण मागितले. गिफ्ट कार्डे ६ एप्रिलपर्यंतच चालतील असे जाहीर झाले आणि १ जूनला सगळी दुकाने बंद झाली. ज्यांनी महिनाभरात कार्ड वापरले त्यांचे पैसे वसूल झाले.

दिवाळखोरीच्या कायद्यात देणेकऱ्याची मालमत्ता विकून पैसे वाटायचा क्रम ठरलेला आहे. आधी कारवाईचा खर्च, मग तारण घेतलेल्या बँका आणि कामगारांची देणी. हातात नुसते कार्ड असलेला गिऱ्हाईक त्या रांगेत फार मागे उभा असतो. म्हणून एखाद्या दुकानाच्या शाखा बंद पडू लागल्या, फळ्या रिकाम्या दिसू लागल्या, की कार्ड पुढच्या ईदसाठी राखून ठेवू नये. त्याच आठवड्यात माल उचलावा.

ठगांपासून सावध

बाकी पाहण्याच्या निमित्तानेही लूट होते. "गिफ्ट कार्ड बॅलन्स" असे मोबाइलवर शोधले की खऱ्या कंपनीसारखी दिसणारी बनावट वेबसाइट समोर येऊ शकते. तिथे नंबर आणि पिन भरला की काही मिनिटांत बाकी शून्य. म्हणून पत्ता नेहमी कार्डाच्या मागे छापलेलाच वापरावा. कोणी फोन करून पिन मागितला तर देऊ नये. कार्ड विकत घेताना किंवा भेट मिळताना खरवडायची पट्टी आधीच खरवडलेली नाही ना, हे पाहावे. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या नंबरवर ताबडतोब कळवावे.

कारागीर बंधूंना आणखी एक सांगणे. भेट म्हणून कार्ड मिळाले तर आनंदाने घ्यावे. मजुरीच्या बदल्यात मात्र घेऊ नये. दोन हजारांच्या कार्डाने किराणावाला उधारी फेडून घेत नाही, की शाळेची फी भरता येत नाही. घामाचे पैसे रोख, चेकने किंवा बँक खात्यातच घ्यावेत.

आपल्या गल्ल्यातील चिठ्ठी

आता थोडे आपल्याच दुकानांविषयी. आपणही गिऱ्हाइकाला चिठ्ठी देतो. ड्रेस पीस परत आला, दुसरा पसंत पडला नाही, की "साडेसहाशे जमा" असे लिहून देतो. काही दुकानांनी छापील कूपनेही काढली आहेत. बाई सहा महिन्यांनी येते आणि गल्ल्यावरचा मुलगा म्हणतो, "आता चालणार नाही." मोठ्या दुकानाच्या ज्या वागण्याबद्दल आपण बोटे मोडतो, तेच वागणे आपल्या उंबऱ्यात होते.

चिठ्ठीवर घेतलेले पैसे म्हणजे विक्री नव्हे. ते देणे आहे, आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. त्याची वेगळी वही ठेवावी : अनुक्रमांक, तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, रक्कम, किती उचलले, किती बाकी. वर्षअखेरीस त्या वहीची बेरीज करावी. आपण बाजाराला किती देणे लागतो ते कळेल. मुदत घालायची असेल तर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत, मराठीत घालावी आणि देताना तोंडानेही सांगावी. आणखी एक ध्यानात असावे. सदोष माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे परत द्यायला नकार देणे ही २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर तेवढ्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत, हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. तिथे चिठ्ठी हातावर ठेवून वाटेला लावता येत नाही.

कराचा प्रश्नही अनेकजण विचारतात. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५ व्या बैठकीत व्हाउचरची खरेदी-विक्री म्हणजे माल किंवा सेवेचा पुरवठा नव्हे, असे ठरले. कर येतो तो व्हाउचरवर दिलेल्या मालावर. कूपनांचा मोठा व्यवहार असेल तर आपल्या कर सल्लागाराला वही दाखवून नोंदी लावून घ्याव्यात.

कॅम्प नं. ३ च्या बाजारात गिऱ्हाईक एकाच कारणाने पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढते : तिथे त्याचा हिशेब चोख राहतो. या जुम्म्याला नाहीतर रविवारी सुट्टी मिळेल तेव्हा कपाटातली पिशवी काढा. जितकी कार्डे आणि कूपने निघतील त्यांची बाकी आणि मुदत एका कागदावर लिहा. ज्याची तारीख जवळ आहे ते आधी वापरा, ज्याची उलटून गेली त्याचा अर्ज करा. आणि दुकान चालवीत असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ला उघडताच आपण दिलेल्या चिठ्ठ्यांची वही उघडा.